पेल एलसाठी हॉपच्या वाणांची निवड

पेल एल ही फिकट भाजलेल्या माल्टपासून आणि एल यीस्टच्या साहाय्याने तयार होणारी, सोनेरी ते तांबूस रंगाची बिअर आहे. तिचा कडवटपणा आणि बराचसा सुगंध हॉप या वेलीच्या फुलांपासून येतो. माल्टची चव सौम्य असल्यामुळे हॉपच्या निवडीतील चुका या बिअरमध्ये झाकल्या जात नाहीत. त्यामुळे घरगुती प्रमाणावर पेल एल बनवताना कोणते वाण घ्यावे, ते केव्हा घालावे आणि कोणाची जोडी कोणाशी लावावी, या तीन प्रश्नांना विशेष महत्त्व येते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकन पेल एलचा विचार केला आहे.

हॉपमधील घटक

हॉप (शास्त्रीय नाव: ह्युम्युलस ल्युप्युलस) ही भांगेच्या, म्हणजे कॅनाबेसी कुळातील बहुवर्षायू वेल आहे. नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. बिअरसाठी मादी वेलीची शंकूसारखी फुले वापरतात. या फुलांमध्ये ल्युप्युलिन नावाच्या पिवळ्या, चिकट ग्रंथी असतात. त्यांतील दोन घटक महत्त्वाचे आहेत.

अल्फा आम्ले: माल्टचा गोड अर्क, म्हणजेच वर्ट, उकळत असताना या आम्लांचे आयसो-अल्फा आम्लांत रूपांतर होते आणि त्यांच्यामुळे बिअरला कडवटपणा येतो.

सुगंधी तेले: मर्सीन, ह्युम्युलीन, लिनॅलूल, जिरॅनिऑल इत्यादी द्रव्यांमुळे फळे, फुले, मसाले किंवा राळेसारखा वास येतो. ही तेले वाफेबरोबर लवकर उडून जातात.

ज्या उष्णतेने कडवटपणा निर्माण होतो, त्याच उष्णतेने सुगंध नष्ट होतो. हॉपच्या वापराचे बहुतेक नियम या एका विरोधातून आले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडमधील पारंपरिक पेल एलमध्ये फगल आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज ही मंद, फुलांच्या व मातीच्या वासाची वाणे वापरली जात. अमेरिकेत ओरेगन येथील संशोधनातून विकसित झालेले कॅस्केड हे वाण १९७२ मध्ये प्रसारित झाले. फगल हे त्याच्या पूर्वजांपैकी एक असले, तरी त्याला ग्रेपफ्रूटसारखा ठळक वास होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलसाठी ते वापरले.

१९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर बनवण्यास संघीय पातळीवर मुभा मिळाली. कॅलिफोर्नियातील चिको येथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवणारे केन ग्रॉसमन यांनी सिएरा नेवाडा ब्रुअरीची सहस्थापना केली. तेथे १९८० मध्ये पहिल्यांदा तयार झालेल्या पेल एलमुळे कॅस्केडचा वास या शैलीची ओळख बनला.

हॉप घालण्याची वेळ

सुरुवातीला: साधारण ६० मिनिटे उकळल्यास अल्फा आम्लांचा अधिक उपयोग होतो, सुगंध जवळजवळ उरत नाही.

शेवटच्या ५ ते १५ मिनिटांत: मध्यम कडवटपणा मिळतो आणि हॉपची चव टिकते.

आच बंद केल्यावर: वर्ट ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत निववून त्यात हॉप २० ते ३० मिनिटे मुरवल्यास तेले अधिक टिकतात आणि कडवटपणा मर्यादित वाढतो.

किण्वनाच्या अखेरीस: थंड बिअरमध्ये २ ते ४ दिवस हॉप भिजवण्याच्या या पद्धतीस ड्राय हॉपिंग म्हणतात. यातून प्रामुख्याने सुगंध मिळतो.

प्रमुख वाणे

अल्फा आम्लांचे प्रमाण दरवर्षीच्या पिकानुसार बदलते. त्यामुळे पुढील आकडे स्थूल आहेत. प्रत्यक्षात पाकिटावरील आकडा ग्राह्य धरावा.

मॅग्नम (१२ ते १४ टक्के): जर्मन वाण, स्वच्छ कडवटपणा, सौम्य वास.
कॅस्केड (४.५ ते ७ टक्के): ग्रेपफ्रूट, फुले.
सेंटेनिअल (९.५ ते ११.५ टक्के): लिंबू, फुले, कॅस्केडपेक्षा तीव्र.
शिनूक (१२ ते १४ टक्के): पाइन वृक्षाची राळ, मसाले.
अमारिलो (८ ते ११ टक्के): संत्रे, जर्दाळू.
सिट्रा (११ ते १३ टक्के): आंबा, लीची, लिंबू.
मोझॅक (११.५ ते १३.५ टक्के): बेरीवर्गीय फळे, आंबा, पाइन.

मिश्रणाची तत्त्वे

कडवटपणासाठीचे वाण आणि सुगंधासाठीचे वाण यांचा विचार स्वतंत्रपणे करतात. पहिल्या कामासाठी अधिक अल्फा आम्लाचे वाण सोयीचे असते. १३ टक्क्यांचे १५ ग्रॅम मॅग्नम जेवढा कडवटपणा देते, तेवढ्यासाठी ५.५ टक्क्यांचे सुमारे ३५ ग्रॅम कॅस्केड लागते. वनस्पतीचा भाग वाढला की गाळात जाणारी बिअरही वाढते.

सुगंधासाठी एक प्रमुख आणि एक साहाय्यक वाण २:१ या प्रमाणात घेणे सुरक्षित ठरते. जोडी दोन प्रकारे लावता येते. कॅस्केड आणि सेंटेनिअल यांचे गंध एकाच दिशेचे असल्याने ते परस्परांना बळ देतात. शिनूक आणि अमारिलो यांत राळ व संत्रे असा विरोध असल्याने एकाची रुक्षता दुसऱ्याने सौम्य होते. चार-पाच वाणे एकत्र केल्यास बहुधा कोणताच गंध स्पष्ट राहत नाही आणि बिअर फसली तर दोष कोणत्या वाणाचा हेही कळत नाही.

म्हणून नव्या वाणाची पारख एकट्यानेच करणे हितावह असते. एकच बिअर ड्राय हॉपिंगच्या वेळी लहान भांड्यांत विभागून प्रत्येकात वेगळे वाण घालतात. तयार झालेल्या बिअर पेल्यात निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून पाहिल्या की पुढच्या खेपेचे मिश्रण ठरवता येते.

उदाहरण

कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. अमेरिकन पेल एलसाठी ३० ते ५० आयबीयू ही प्रचलित मर्यादा आहे. २० लिटर बिअरसाठी १५ ग्रॅम मॅग्नम (१३ टक्के) ६० मिनिटे उकळल्यास सुमारे २२ आयबीयू मिळतात. शेवटच्या १० मिनिटांसाठी २० ग्रॅम कॅस्केड (५.५ टक्के) आणि १५ ग्रॅम सेंटेनिअल (१० टक्के) घातल्यास आणखी सुमारे ११, असे एकूण ३३ होतात. त्यानंतर ४० ग्रॅम कॅस्केड आणि २० ग्रॅम सेंटेनिअलने ड्राय हॉपिंग करता येते.

साठवण आणि दक्षता

उष्णता व हवेमुळे हॉप खराब होऊन त्याला जुन्या चीजसारखा वास येतो. त्यामुळे ते हवाबंद पाकिटात, फ्रीझरमध्ये ठेवतात. तयार बिअरवर ऊन पडल्यास आयसो-अल्फा आम्लांपासून दुर्गंधी गंधकयुक्त द्रव्य बनते. तपकिरी बाटल्यांमुळे हा धोका कमी होतो. हॉप कुत्र्यांसाठी विषारी असून ते खाल्ल्यास त्यांच्या शरीराचे तापमान जीवघेण्या प्रमाणात वाढू शकते. म्हणून वापरलेला चोथा त्यांच्या आवाक्याबाहेर टाकणे आवश्यक आहे.

घरी बिअर बनवण्याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे हा गुन्हा आहे.