गर्दीच्या वेळी नेट का अडते?

लोणी काळभोर आणि कदमवाक वस्तीच्या दुकानदार भावांची एक तक्रार हल्ली वारंवार कानी येते. सकाळी नेट झकास चालते, संध्याकाळी गिऱ्हाईक वाढले की अडते, अन् थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. २०१८ पासून ५० हजारांवरचा माल परराज्यात धाडताना ई-वे बिल लागते. टेम्पो भरून उभा, हमाल खोळंबलेले आणि पडद्यावर नुसते चक्र फिरतेय, हा तोटा रोकडा आहे.

नेटवरची माहिती अखंड ताग्यासारखी जात नाही, लहान गाठोड्यांत बांधून जाते. त्यांना पॅकेट म्हणतात. राउटर म्हणजे ट्रान्सपोर्टचे गोदाम. आवक जास्त आणि जाणारी गाडी लहान असली की गोदाम भरते व नंतर आलेली गाठोडी टाकून दिली जातात. पोच न मिळाल्याने पाठवणारा तेच गाठोडे पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही कमी करतो.

अमेरिकेत ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ यांच्यात असेच झाले. अंतर जेमतेम ४०० वार! सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी इलाज शोधला तो नवी तार टाकण्याचा नव्हे, तर माल हळूहळू वाढवत पाठवण्याचा.

म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी तपास करावा, आणि तोही गर्दीच्याच वेळी. दुपारच्या निवांत वेळेची स्पीड टेस्ट काही कामाची नाही. संगणकावर पिंग ही सोय असते. माईक मस यांनी ती १९८३ साली लिहिली. एका खिडकीत राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) आणि दुसरीत बाहेरचा, ८.८.८.८, असे दोन्ही पिंग तासभर चालू ठेवावेत. राउटरपर्यंतच पॅकेट गळत असतील तर दोष घरचा. वाय-फाय सोडून तार लावून पाहावी, तार बदलून पाहावी. लोखंडी कपाटाआड ठेवलेल्या राउटरकडून चांगल्या वाय-फायची अपेक्षा करू नये.

राउटरपर्यंत साफ आणि पुढे गळती, असे असेल तर कॅमेरे व मोबाईलचे फोटो बाहेर पाठवणे थोडा वेळ बंद करावे. आमच्या दुकानात एवढ्यानेच गळती थांबली. चार कॅमेऱ्यांचे चित्रीकरण सहा ते आठच्या दरम्यान बाहेर जात होते आणि जाणारी वाट येणाऱ्या वाटेपेक्षा अरुंद. राउटरमध्ये कॅमेऱ्यांना मर्यादा घातली, बिलिंगच्या संगणकाला अग्रक्रम दिला. खर्च शून्य.

इथे एक चकवा आहे. ट्रेसर्टमध्ये मधल्याच एखाद्या टप्प्यावर गळती दिसते, पण शेवटच्या टप्प्यावर नसते. तिकडे लक्ष देऊ नये. कामात असलेला राउटर पिंगला उत्तर द्यायचे टाळतो, माल मात्र नीट पुढे पाठवतो. गळती शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी.

सगळे बंद करूनही ती टिकली, तर नेट पुरवणाऱ्याला नुसते ‘नेट चालत नाही’ असे सांगू नये. तारीख, वेळ, शंभरात किती पॅकेट गेले आणि तारेने जोडून पाहिले होते, एवढे लिहून द्यावे. असा कागद समोर असला की ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढ्यावर बोळवण करणे त्यांना जड जाते.