अंधारीने घातलेलं कोडं

सुट्टीच्या दिवशी शेंद्र्याहून निघावं, जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगर शहर ओलांडून वेरूळची वाट धरावी, की घाटाआधी देवगिरी किल्ला समोर येतो. डोंगराचा पायथा सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत सरळ तासून काढलेला, भोवती खडकातच खोदलेला खंदक. पूल ओलांडला की बालेकिल्ल्याची वाट खडकाच्या पोटात शिरते. ही अंधारी. हॉरर गेम रचणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हिच्यातून चालून पाहावं!

दख्खनच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की माणूस आंधळाच होतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात; हल्लेखोराला तेवढा वेळ कोण देणार? वळणं, कमीजास्त उंचीच्या पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं. मध्येच उजेडाची एक फट दिसते. पाय आपसूक तिकडे वळतात आणि गाइड सांगतात, तिथून गडी थेट खंदकात जायचा. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. त्यावर आग पेटवली की वाट बंद. हे कोडं शत्रूचं ज्ञान तपासतच नाही. उजेडाकडे धावणाऱ्या त्याच्या शरीरालाच ते फितूर करतं. मला ही रचना थक्क करते.

आता ‘सायलेंट हिल’ ही हॉरर गेमची मालिका पाहा. १९९९च्या पहिल्या भागातली कोडी सोडवून खेळाडू तरबेज झाले. सीक्वेलची खरी अडचण हीच, सरावलेल्याला पुन्हा अडवायचं कसं? २००३च्या तिसऱ्या भागात, खेळ जेमतेम सुरू झालेला असताना, मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानात शेक्सपिअरच्या पाच शोकांतिका जमिनीवर पडलेल्या असतात. मध्यम पातळीवर त्या नीट लावल्या की दाराचा आकडा मिळतो. अवघड पातळीवर मात्र एक कविता हाती येते. तिच्यातला कोणता इशारा कोणत्या नाटकाचा हे ओळखायचं आणि वर आकडेमोडही करायची. आगरकरांचं ‘विकारविलसित’ म्हणजे हॅम्लेट, देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे ऑथेल्लो, हे ठाऊक असलेला मराठी वाचक निदान दोन पुस्तकांपाशी तरी थबकेल. बाकीच्यांनी काय करायचं? भीती तिथेच विरते, उरते ती परीक्षेतली चिडचिड. कोड्याची पातळी मारामारीपेक्षा वेगळी निवडता येते, ही सोय मोठी. तरी ज्याची किल्ली खेळाबाहेर ठेवली आहे ते कोडं मला अन्यायाचं वाटतं. खेळातल्या कोड्याला सुटायचं असतं. अंधारीला कधीच सुटायचं नव्हतं, म्हणून तिला निर्दय होण्याचा हक्क होता.

आणि तिला बगल देऊनच गड पडला. १६३३मध्ये मुघल सरदार महाबतखानाने वेढा घातला, सुरुंग लावून बाहेरचा तट फोडला. आत धान्य संपलं, तेव्हा मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला सोपवून दिला.