पार्सल पोहोचले, दायित्व कोणाचे?
रोजच्या व्यवहारातील कायदा : लेखांक सहावा

करारातून नव्हे, तर कायद्याने प्रत्येकावर घातलेले कर्तव्य मोडल्यामुळे घडणाऱ्या आणि नुकसानभरपाई देऊन निस्तराव्या लागणाऱ्या दिवाणी स्वरूपाच्या चुकीला विधिशास्त्रात ‘अपकृत्य’ म्हणतात. या संकल्पनेची ओळख मागील लेखांकात झाली असून, प्रस्तुत लेखांकात तिचा विचार शहरांतील घराघरांशी संबंध असलेल्या एका व्यवहाराच्या, म्हणजे पार्सल पोहोचवण्याच्या, संदर्भात करावयाचा आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील सदनिका असोत, सिडकोतील वसाहती असोत किंवा पंचवटीतील अरुंद जिन्यांचे जुने वाडे असोत, तेथे येणारे पार्सल विक्रेता, ऑनलाइन बाजारपेठ, कुरिअर कंपनी, तिची स्थानिक फ्रँचायझी आणि शेवटी दुचाकीवरून ते आणणारा डिलिव्हरी बॉय अशा अनेक हातांतून गेलेले असते. काही अनर्थ घडला की यांतील प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवू लागतो आणि भरपाईसाठी कोणाचे दार ठोठावावे, हे इजा झालेल्या माणसाला कळत नाही. काम कोणाच्या नियंत्रणाखाली आणि कोणाच्या लाभासाठी चालले होते, हा प्रश्न आधी विचारला तर हा गुंता बराचसा सुटतो.

हयगयीने पार्सल पोहोचवल्यामुळे होणारी हानी तीन प्रकारची असते : पार्सलमधील मालाची नासधूस, पार्सल भलत्या ठिकाणी ठेवल्यामुळे किंवा पडल्यामुळे माणसाला होणारी इजा आणि वाहतुकीदरम्यान रस्त्यावर होणारा अपघात. या तिन्ही प्रकारांना लागू होणारे कायदे, दाद मागण्याची ठिकाणे आणि पुराव्याचे नियम वेगवेगळे असल्यामुळे त्यांची सरमिसळ करणे तक्रारदाराला महागात पडते.

यांतील दुसरा प्रकार सर्वांत कमी चर्चिला जातो. म्हणून तो आधी पाहणे इष्ट ठरेल. हयगय सिद्ध होण्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : प्रतिवादीवर दक्षता बाळगण्याचे कर्तव्य होते, ते त्याने मोडले आणि त्यामुळेच नुकसान झाले. समजा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचे जड खोके डिलिव्हरी बॉयने दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पायरीच्या कडेला ठेवले, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ‘पोहोच झाली’ अशी नोंद केली आणि संध्याकाळी अंधुक उजेडात उतरताना शेजारच्या आजी त्याला अडखळून पडल्या. आजींचा या खरेदीशी काडीमात्र संबंध नव्हता. तरीही जिन्याचा वापर करणारा कोणीही, मग तो वृद्ध असो की दृष्टिहीन, तेथून जाणार हे सामान्य समज असलेल्या माणसाला आधी कळण्यासारखे असल्यामुळे दक्षतेचे कर्तव्य त्यांच्यापर्यंतही पोहोचते. १९६४ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हेली खटल्यात हेच सूत्र मांडले. वीज मंडळाच्या कामगारांनी पदपथावर आडव्या ठेवलेल्या अवजाराला एक दृष्टिहीन पादचारी अडखळला होता. डोळस माणसाला अडथळा दिसला असता, एवढ्यावर मंडळाला सुटता येणार नाही, कारण शहरातील पदपथांवरून दृष्टिहीन माणसेही चालतात हे गृहीतच धरले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

मात्र या कर्तव्याला मर्यादाही आहे. अमेरिकेतील पाल्सग्राफ खटला पार्सलवरूनच उभा राहिला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या एका स्थानकावर, सुटलेल्या गाडीत चढणाऱ्या प्रवाशाला रेल्वेच्या नोकरांनी हात दिला, तेव्हा त्याच्या हातातील वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके खाली पडले. त्यात शोभेची दारू असल्याने स्फोट झाला आणि फलाटावर दूर उभ्या असलेल्या एका महिलेच्या अंगावर वजनकाटा कोसळला. पुडक्याच्या बाह्यरूपावरून आतील धोका कळण्याजोगा नव्हता, म्हणून त्या महिलेच्या बाबतीत हयगय झालीच नाही, असा निर्णय न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९२८ मध्ये बहुमताच्या वतीने दिला. जिन्यातील खोक्याचा धोका मात्र डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे तेथे हा बचाव टिकण्याजोगा नाही.

डिलिव्हरी बॉयची हयगय सिद्ध झाली, तरी त्याची ऐपत तुटपुंजी असते आणि म्हणूनच ‘प्रातिनिधिक दायित्वा’चे तत्त्व महत्त्वाचे ठरते. नोकराने नोकरीच्या कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्याची भरपाई मालकाने द्यावी, कारण त्या कामाचा लाभ मालकाला मिळतो आणि काम कसे व्हावे हेही तोच ठरवतो, असे हे तत्त्व आहे. याचा महाराष्ट्राशी निगडित प्रसिद्ध दाखला म्हणजे पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी हा खटला होय. १८ डिसेंबर १९६० रोजी कंपनीचा व्यवस्थापक कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे नेत असताना ती रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन झाडावर आदळली आणि तिच्यातून जाणारे पुष्पाबाईंचे पती मृत्युमुखी पडले. पाहुण्याला सोबत घेणे हे कंपनीचे काम नव्हते, म्हणून कंपनी जबाबदार नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. परंतु व्यवस्थापक कंपनीच्याच कामासाठी निघाला होता, हे पाहून १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. गाडी झाडावर आदळल्याची वस्तुस्थितीच हयगयीबद्दल बोलते आणि तिचे समाधानकारक स्पष्टीकरण देण्याचा भार प्रतिवादीवर येतो, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. पायरीच्या कडेला ठेवलेल्या खोक्याच्या बाबतीतही याच धर्तीवर युक्तिवाद करता येईल.

यावर कुरिअर कंपन्यांचे ठराविक उत्तर असते, ते म्हणजे डिलिव्हरी बॉय त्यांचा नोकर नसून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे. ठरलेले काम स्वतःच्या पद्धतीने करून देणारा आणि पद्धतीबाबत दुसऱ्याच्या हुकमात नसलेला माणूस म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार. त्याच्या चुकीसाठी काम देणारा सर्वसाधारणपणे बांधील नसतो. परंतु करारात कोणता शब्द वापरला आहे, यावर हा प्रश्न सुटत नाही. १९५७ च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या पद्धतीवरील नियंत्रणाला महत्त्व दिले, तर २०२० च्या सुशीलाबेन गांधी खटल्यात नियंत्रणाबरोबरच इतरही घटक एकत्र तोलावे लागतात, असे सांगितले. कोणत्या मार्गाने जायचे, किती वेळात पोहोचायचे, फोटो कसा काढायचा आणि उशीर झाल्यास किती पैसे कापायचे, हे सारे कंपनीचे ॲप ठरवत असेल, तर नियंत्रण कंपनीकडेच असल्याचा युक्तिवाद बळकट होतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग कामगार’ ही पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरील कामगारांची वेगळी वर्गवारी केली आहे खरी. पण तिचा हेतू या कामगारांना संरक्षण देण्याचा आहे आणि कंपनीला तिऱ्हाईताच्या भरपाईतून मोकळे करण्यासाठी तिचा आधार घेणे न्यायाला धरून होणार नाही. घाई कंपनीने लावायची आणि घाईत झालेल्या चुकीचे पैसे मात्र रोजंदारीवरच्या पोराने भरायचे, ही विभागणी कोणत्याही सुजाण समाजाला मान्य होता कामा नये.

मालाच्या नासधुशीबाबत कायदा तुलनेने सुस्पष्ट आहे. १८६५ च्या वाहक अधिनियमाची जागा १ मार्च २०११ पासून रस्तामार्गे वाहतूक अधिनियम, २००७ ने घेतली असून, त्यातील ‘सामान्य वाहक’ या व्याख्येत कुरिअर संस्थाही येतात. माल गहाळ झाला किंवा खराब झाला तर वाहकाची हयगय सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नसतो. मात्र दाव्यापूर्वी, माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते आणि अधिक किंमत आधी जाहीर केलेली नसल्यास भरपाई सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. कुरिअरच्या पावतीवरील बारीक अक्षरांतील अटीही दुर्लक्षून चालत नाही, कारण १९९६ च्या भारती निटिंग खटल्यात पाठवणाऱ्याने सही केलेली शंभर डॉलरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक मानली. आता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे ‘अनुचित करारा’विरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. तथापि अशी मर्यादा करारातील पक्षांपुरतीच असते. जिन्यात पडलेल्या आजींनी कोणत्याही पावतीवर सही केलेली नसल्यामुळे ती त्यांच्या आड येऊ शकत नाही.

टपाल खात्याची स्थिती निराळी आहे. १८९८ च्या अधिनियमाने खात्याला टपालातील वस्तू गहाळ होणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, उशीर किंवा नुकसान यांबाबत व्यापक संरक्षण दिले होते आणि १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या डाकघर अधिनियम, २०२३ नेही, नियमांत विहित केलेले दायित्व वगळता, ते कायम ठेवले आहे. ज्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात देशाची टपाल तिकिटे छापली जातात, त्याच गावच्या नागरिकाला तिकीट लावलेल्या पार्सलबाबत मात्र कुरिअरच्या ग्राहकापेक्षा कमी हक्क असावेत, हे पटण्यासारखे नाही.

रस्त्यावरील अपघाताबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू होतो. द्वारका चौकात पार्सलच्या दुचाकीने पादचाऱ्याला धडक दिली, तर अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, कायद्यातील तरतुदीनुसार सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि चालक, वाहनमालक व विमा कंपनी यांना पक्षकार केले जाते. दुचाकी बहुधा डिलिव्हरी बॉयच्याच नावावर असते आणि खासगी वापरासाठीच्या विम्यावर ती धंद्यात वापरल्याची हरकत विमा कंपनी घेऊ शकते. म्हणून ज्या कंपनीचे पार्सल नेले जात होते, तिलाही सुरुवातीपासूनच पक्षकार करणे शहाणपणाचे ठरते.

दाद कोठे मागावी, हे तक्रारदार कोण आहे यावर ठरते. पैसे देऊन सेवा घेणारा, किंवा त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणारा, ‘ग्राहक’ असतो. तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे नाशिककराला नाशिकमध्येच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तिऱ्हाईत शेजाऱ्याला मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते. तेथे दावेदाराची स्वतःची बेफिकिरीही तोलली जाते. पडण्यास तीही कारणीभूत असेल, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. खोके दारात ठेवण्याची सूचना ग्राहकानेच दिली असेल किंवा जिन्यातील दिवा सोसायटीने महिनोन् महिने बंद ठेवला असेल, तर त्यांच्याकडेही दायित्वाचा वाटा जाऊ शकतो.

म्हणून इजा झाल्यावर खोके हलवण्यापूर्वी त्याचे, जिन्याचे आणि उजेडाचे छायाचित्र घ्यावे, खोक्यावरील लेबल व क्रमांक जपावा, उपचाराची कागदपत्रे ठेवावीत आणि कंपनीने काढलेला पोहोचेचा फोटो जतन करण्याची लेखी मागणी तिच्याकडे तातडीने करावी. तो फोटो कंपनी आपल्या बचावासाठी काढून घेते. परंतु खोके पायरीच्या कडेला होते, याचा सर्वांत बिनतोड पुरावा अनेकदा तोच ठरतो. पुढील लेखांकात सोसायटीच्या सामाईक जागांतील अपघात आणि व्यवस्थापन समितीचे दायित्व यांचा विचार केला जाईल.