शास्त्रवचन आणि खडकांचा पुरावा

चंद्रपूर जिल्ह्यातील कोळशाचे थर आणि गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा येथे आढळणारा, माशांचे जीवाश्म असलेला चुनखडक भूशास्त्राला चांगलेच परिचित आहेत. वर्धा-प्राणहितेच्या या पट्ट्यातील खडकांच्या आरंभीच्या अभ्यासकांत 1845 मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते. त्यामुळे ज्ञानमीमांसेचा, म्हणजे एखादे विधान कशाच्या आधारे सत्य मानावे, हा प्रश्न येथे धर्म आणि विज्ञान या दोन्ही अंगांनी उभा राहतो.

या चर्चला मान्य असलेल्या सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रानुसार सृष्टीतून ईश्वराचे सामर्थ्य दिसते, परंतु तारणासाठी लागणारे ज्ञान प्रकटीकरणातून, म्हणजे ईश्वराने स्वतःहून करून दिलेल्या ओळखीतून मिळते. ते पवित्र शास्त्रात नोंदलेले असून त्याविषयीची पूर्ण खात्री पवित्र आत्म्याच्या अंतःसाक्षीने होते. येथे प्रामाण्य मुख्यतः सांगणाऱ्याच्या विश्वसनीयतेवर उभे असते.

विज्ञानाची कसोटी वेगळी आहे. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे सापडलेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले, तेव्हा ती शोधणाऱ्यांच्या श्रद्धेला पुराव्यात स्थान नव्हते. विधान वस्तुस्थितीशी जुळले तर सत्य, या अनुरूपता सिद्धांताला येथे खुल्या तपासणीची जोड मिळते. हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूर भागातील वनस्पती-जीवाश्मांचे वालुकाश्म ज्युरासिक काळातील मानले होते, पुढे मात्र ते त्याहून बरेच जुने, पर्मियन काळातील ठरले. चंद्रपूरचा कोळसाही त्याच काळातील, सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

एवढ्या दीर्घ काळाचा मेळ बायबलशी कसा घालायचा, हा पेच मोठा होता, कारण आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये सृष्टीची निर्मिती इसवी सनापूर्वी 4004 मध्ये झाल्याचे गणित मांडले होते. फ्री चर्चचे संस्थापक-नेते थॉमस चाल्मर्स यांनी मात्र बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या दोन वचनांच्या दरम्यान अमर्याद काळ गेला असावा, असा अर्थ लावून भूशास्त्राला वाट मोकळी केली होती. आधी मान्य असलेल्या विधानांशी नवे विधान सुसंगत ठरते का, हे पाहणाऱ्या सुसंगती सिद्धांताचे हे उदाहरण म्हणता येईल.

म्हणजे बदल दोन्हीकडे घडतो. फरक आहे तो काय बदलू द्यायचे याचा. भूशास्त्रात पुरावा मिळाल्यास मूळ गृहीतकही मोडीत निघते, तर या ईश्वरविज्ञानात वचन अढळ राहून त्याचा अर्थ बदलतो. म्हणून विज्ञान ‘कसे’ सांगते आणि धर्म ‘का’ सांगतो, ही सोयीची वाटणी पुरेशी ठरत नाही. येशूचे पुनरुत्थान ही ख्रिस्ती परंपरेत प्रत्यक्ष घडलेली घटना मानली जाते आणि घटनेचा दावा केला की साक्षीदार, काळ व पुरावा यांविषयीचे प्रश्न टाळता येत नाहीत. श्रद्धेने त्यांची उत्तरे आपल्या रीतीने द्यावीत, परंतु कोणते विधान कोणत्या आधारावर उभे आहे, हे उघडपणे सांगणे दोन्ही ज्ञानशाखांवर सारखेच बंधनकारक ठरते.