मोत्या हसतोय की धापा टाकतोय?

अंबरनाथजवळच्या पालेगावात सकाळी हे दृश्य हमखास दिसतं: एका हातात पट्टा, दुसऱ्यात मोबाईल आणि समोर जीभ काढून ‘हसणारा’ कुत्रा. फोटो गोड येतो. पण त्यातलं बरंचसं हसू म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची धडपड. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. म्हणून सगळी भिस्त धापेवर: ओल्या जिभेवरून हवा फिरते, ओलाव्याची वाफ होते, रक्त निवतं.

जबडा सैल, नजर निवांत आणि शेपटीबरोबर कंबरही हलतेय, तर स्वारी खुशीत. ओठांचे कोपरे मागे ताणलेले, कान डोक्याला चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर तो ताण. तेव्हा मोबाईल खिशात.

ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांना 2017 मध्ये आढळलं, की माणूस आपल्याकडे पाहत असला की कुत्र्याच्या चेहऱ्याच्या हालचाली वाढतात. खाऊ दाखवून तसा फरक पडत नाही. बिस्किटाचा पुडा हलवणाऱ्यांनी हे ऐकावंच! त्यापेक्षा उकिडवं बसा, मोबाईल हनुवटीशी धरा, नजरानजर राहू द्या. कुत्रा काळा असेल तर मोबाईलच्या स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा, नाहीतर डोळे दिसतच नाहीत.