गळ, दोरा व काठी यांची निवड

गावतळ्यात गळाने मासे धरू पाहणारा नवशिका पुष्कळदा काठी व रीळ यांवरच पैसा खर्च करतो. परंतु लागलेला मासा निसटतो तो बहुधा दोरा तुटल्यामुळे किंवा गळ बोथट असल्यामुळे. म्हणून काठी सावलीत वाळविलेल्या सरळ, लवचीक बांबूची करावी व दोरा तिच्या टोकास बांधावा. काठाजवळील लहान माशांसाठी रीळ लागत नाही. मोठा रोहू किंवा कटला जोराने पळतो. त्याला दोरा सोडण्यासाठी रीळ हवे, ते पुढे घ्यावे. वाचलेल्या पैशांतून चांगला नायलॉनचा दोरा व तीक्ष्ण गळ घ्यावेत. गळाचे टोक नखावर हलकेच ओढावे. न घसरता अडकल्यास ते चांगले समजावे. गाठ ओली करून आवळावी. उन्हाने नायलॉन कमकुवत होते; दोरा सावलीत ठेवावा. तळे ठेक्याने दिलेले असल्यास ठेकेदाराच्या परवानगीनेच गळ टाकावा.