'मूड' : एका शब्दाची कुळकथा

'आज मूड नाहीं' हें वाक्य आपल्या घरांत नित्य ऐकूं येतें. जुन्या इंग्रजींत 'मोड' म्हणजे चित्त. धैर्य हाही त्याचाच एक अर्थ. त्याचें जर्मन भावंड 'मूट' आजही धैर्यवाचक आहे. इंग्रजींत मात्र धैर्य ओसरलें, लहर तेवढी उरली! पुढें ही मनाची वृत्ति चित्राला, सभेलाही चिकटली. त्यांचें वातावरण म्हणजे त्यांचा मूड. व्याकरणांतील 'मूड', म्हणजे आपले आज्ञार्थ, विध्यर्थ, हा निराळाच शब्द. तो लॅटिन 'मोदुस'चा वंशज. खरा घोटाळा बोलण्यांत होतो. आपण 'साहेब मूडमध्यें आहेत' म्हणतों, तेव्हां ते प्रसन्न असतात. इंग्रज मनुष्य 'ही इज इन ए मूड' म्हणाला, तर साहेब घुश्शांत आहेत असें समजावें आणि रजेचा अर्ज खिशांतच ठेवावा.